गलबत कुणाचं?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं भाषण. अंकासाठी थोडं नीट लिहून काढलं आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



'समुद्रावरचं काहीतरी सांगा' असं कार्यकारिणीने मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वादळं, शार्क मासे आणि माझ्या बोटीवरच्या दिवसांचे किस्से असावेत. ते पुढच्या कोजागरीला. आज मी एका धंद्याबद्दल बोलणार आहे, आणि तो आपण राहतो त्या या समुद्रातही अगदी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत चालू होता. गुलामांचा व्यापार.

हा विषय माझ्याकडे आला तो इतिहासाच्या नव्हे, माझ्या पोटापाण्याच्या वाटेने. मी मरीन इंजिनिअर. निम्मी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली आणि उरलेली दुरुस्तीला आलेल्या जहाजांचे कागद बघण्यात. तुम्हाला म्हणून सांगतो, जहाजाच्या पाठीवर 'पनामा' किंवा 'मोनरोव्हिया' असं रंगवलेलं असतं, मालक ग्रीसमध्ये, चालवणारी कंपनी सिंगापूरला, आणि खलाशी आपले रत्नागिरीचे नाहीतर फिलिपिन्सचे. सगळं सुरळीत असतं तोवर ठीक. पण काही बिघडलं, बिल थकलं, खलाशांचा पगार अडकला, की पहिला प्रश्न उभा राहतो: अहो, पण हे जहाज नक्की कुणाचं? आणि उत्तर मिळेपर्यंत कॅप्टन बिचारा सगळ्यांच्या शिव्या खात डेकवर उभा असतो.

गुलामांच्या जहाजांबद्दल वाचताना मला सतत हाच प्रश्न पडत गेला. कॅप्टनचं नाव सापडतं. मालकाचं?

सुरुवात अमेरिकेतल्या एका प्रकरणापासून करतो, कारण तिथे मालक, कॅप्टन, जहाज आणि त्यातली माणसं या चारही गोष्टी नावानिशी माहीत आहेत. अलाबामा राज्यातल्या मोबील बंदरात टिमथी मीहर नावाचा मोठा आसामी होता. नदीत चालणाऱ्या आगबोटी, लाकडाच्या गिरण्या, जमीनजुमला, सगळं काही. बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. तरी सरकारी अधिकाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी आफ्रिकेतून माणसं आणून दाखवीन, अशी त्याने पैज लावली होती असं सांगतात. १८६० मध्ये क्लोटिल्डा नावाचं शिडाचं जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या, आजच्या बेनिन देशातल्या व्हिडा बंदरात गेलं. जहाज बांधणारा आणि नेणारा कॅप्टन होता विल्यम फॉस्टर. पैसा मीहरचा. जुलैमध्ये ११० माणसं घेऊन ते मोबीलच्या खाडीत शिरलं. रातोरात माणसं नदीतल्या बोटीवर चढवून दलदलीत लपवली आणि जहाज पेटवून बुडवलं. पुरावाच नको!

खटला भरला गेला, पण १८६१ च्या सुरुवातीला बारगळला. त्याच वर्षी तिकडे यादवी युद्ध पेटलं आणि सगळं मागे पडलं. युद्ध संपल्यावर ही माणसं मोकळी झाली. परत जायला पैसे नव्हते. त्यांच्यातला कुडजो लुईस मीहरकडे गेला आणि म्हणाला की तुम्ही आम्हाला आमच्या देशातून आणलंत, आता निदान राहायला जमीन द्या. मीहर चिडला, जमीन दिली नाही. मग या लोकांनी गिरण्यांमध्ये राबून पैसे साठवले आणि जमीन विकत घेतली, त्यातली काही मीहरकडूनच. त्यांच्या वस्तीला आफ्रिकाटाउन म्हणतात. मीहर १८९२ मध्ये श्रीमंत म्हणूनच वारला. नदीच्या गाळात रुतलेलं ते जहाज क्लोटिल्डाच आहे हे शेवटी २०१९ मध्ये सिद्ध झालं.

त्याच १८६० साली, त्याच गुन्ह्यात, नॅथॅनियल गॉर्डन नावाचा कॅप्टन पकडला गेला. त्याच्या 'एरी' जहाजावर ८९७ माणसं कोंबलेली सापडली. त्याला फेब्रुवारी १८६२ मध्ये न्यूयॉर्कला फाशी दिली. या गुन्ह्यासाठी अमेरिकेत फाशी गेलेला हा एकमेव माणूस. नीट लक्षात घ्या, तो कॅप्टन होता.

गॉर्डनला फाशी झाली ती १८२० च्या कायद्याखाली. गुलामांची ने-आण म्हणजे चाचेगिरी, आणि चाचेगिरीला देहदंड, असा तो कायदा. आता गंमत बघा. त्याच वर्षी, १८२० मध्ये, आपल्या या आखातातही जवळजवळ हेच शब्द लिहिले गेले. आदल्या वर्षी मुंबईहून इंग्रजांचं आरमार निघालं होतं, रास अल खैमावर चाल करून. त्यानंतर आखातातल्या शेखांशी जो तह झाला त्यावर बहरीनच्या शेखांनीही सही केली. त्याच्या नवव्या कलमात म्हटलं होतं की आफ्रिकेच्या किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून गुलाम पळवून आणून जहाजांतून नेणं ही लूट आणि चाचेगिरी समजली जाईल. वाचून वाटतं, संपला विषय. पण इंग्रजांनी स्वतःच त्याचा अर्थ असा लावला की 'पळवून आणणं' गुन्हा, पैसे मोजून विकत घेतलेला गुलाम नेला तर तो व्यापार! मग १८४७ मध्ये बहरीनचे शेख मुहम्मद बिन खलिफा यांच्याशी वेगळा करार करावा लागला की बहरीनच्या गलबतांतून आफ्रिकेतले गुलाम आणायचे नाहीत. १८५६ मध्ये आणखी एक करार. तीन तीन करार करावे लागतात तेव्हा समजावं की पहिल्या दोनांनी कुणाचं फारसं अडलं नव्हतं. या सगळ्याचा कारभार चालायचा इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरहून, आणि बुशहरचा वरिष्ठ कोण, तर मुंबई सरकार. म्हणजे हा इतिहास मुंबईच्या फायलींतला आहे, परका मुळीच नाही.

ही माणसं यायची कुठून? मुख्य बाजार झांजिबारचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे वर्षाला पंधरा ते वीस हजार गुलाम येत असावेत असा अंदाज आहे. सुलतान ओमानी अरब. पण सुलतानाच्या जकातीचा मक्ता होता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे. मूळ गाव मुंद्रा. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक मालावर ही पेढी जकात घ्यायची. हस्तिदंत, लवंग, कापड आणि माणसं. डोक्यागणिक जकात. शिवाय हस्तिदंत आणि गुलाम आणायला आफ्रिकेच्या आत जाणाऱ्या अरबांच्या तांड्यांना भांडवलही अशाच पेढ्यांकडून मिळायचं. खुद्द सुलतान पेढीचा लाखो डॉलरचा देणेकरी होता. आता जयराम शिवजीने स्वतः कुणाला साखळदंड घातला का? त्याची गरजच नव्हती. तो वहीत आकडे लिहीत होता.

आणि एकट्या त्यालाच कशाला नावं ठेवायची? अमेरिकेच्या सेलम बंदरातला रिचर्ड वॉटर्स १८३७ मध्ये झांजिबारला अमेरिकेचा पहिला कॉन्सल म्हणून आला. देवभोळा माणूस, गुलामगिरी त्याला मनापासून नको होती. पण धंदा करायचा तर जयराम शिवजीशीच, म्हणून दोघांनी आपसात व्यवहार बांधून घेतला. अमेरिकेतून यायचं जाडंभरडं कापड, तिकडे त्याला 'मेरिकानी' म्हणत. त्याचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेला. ते कापड देऊन आफ्रिकेतून हस्तिदंत घ्यायचं, आणि हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत पुन्हा गुलाम. तिकडे सेलममध्ये रविवारी चर्चला जाणाऱ्या घरातल्या पियानोच्या पट्ट्या या हस्तिदंताच्या. अटलांटिक आणि आपला समुद्र असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत, ते असं.

ब्रिटिश प्रजाजनांना गुलाम बाळगायला आणि विकायला बंदी होती. झांजिबारचे हिंदी व्यापारी काय म्हणाले? 'आम्ही ब्रिटिशांची प्रजा नाहीच. आम्ही कच्छच्या रावांची प्रजा.' इथे आला कागद! १८६० मध्ये रिग्बी नावाच्या कॉन्सलने, हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी, ते मानलं नाही आणि हिंदी लोकांकडचे तीन हजारांहून अधिक गुलाम मुक्त करवले. त्याची पाठ फिरल्यावर पुन्हा ढिलाई. शेवटी १८६९ मध्ये कच्छच्या रावांकडूनच जाहीर करून घ्यावं लागलं की झांजिबारमधल्या आपल्या प्रजेवर इंग्रजांचा अधिकार चालेल.

यातला सगळ्यात विचित्र प्रसंग डॉ. लिव्हिंग्स्टनचा. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लिहिणारा हा माणूस आफ्रिकेच्या पोटात अडकलेला असताना झांजिबारहून त्याच्या मदतीला सामान आणि माणसं पाठवली गेली. पाठवण्याचं काम जयराम शिवजी पेढीच्या लाधा दामजीमार्फत झालं. जी माणसं लिव्हिंग्स्टनपर्यंत पोचली ती हिंदी व्यापाऱ्यांचे गुलाम निघाली! त्याने आपल्या रोजनिशीत याबद्दल फार कडवटपणे लिहून ठेवलं आहे.

आणि त्याच लिव्हिंग्स्टनबरोबर दुसऱ्या टोकाची माणसंही होती, आपल्या नाशिकची. हे ऐकून मागच्या रांगेतले नाशिककर सावरून बसले, बरं का! इंग्रजी आरमाराने समुद्रात पकडलेल्या गलबतांतले गुलाम सोडवून कुठेतरी उतरवावे लागत. एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई. मुंबईला उतरवलेल्यांतली बरीच मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूरला पाठवली गेली. आज ज्याला आपण शरणपूर रोड म्हणतो, जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेच हे शरणपूर. तिथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. नवी नावंही देत. लिव्हिंग्स्टन मुंबईला आला होता, तो १८६६ च्या सफरीवर निघताना या शाळेतली नऊ मुलं बरोबर घेऊन गेला. पुढे शोधासाठी आणखी काही गेली. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत ही नाशिकची मुलं होती. त्याच्या समाधीच्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकब वेनराइटने. वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीला त्याने शवपेटीला खांदा दिला. इंग्रजी कागदांत या मुलांना 'नासिक बॉईज' म्हणतात.

सोडवलं म्हणजे सगळं गोड झालं, असं नव्हे. आरमाराला पकडलेल्या गलबतामागे बक्षीस मिळायचं. त्यामुळे काही वेळा साध्या व्यापाऱ्याचंही गलबत संशयावर जाळलं जाई. नाखवा किनाऱ्यावर रडत बसे. 'नाखवा' हा आपल्या कोळीवाड्यातला शब्द आणि इथल्या अरबांचा 'नोखदा' एकच, फारसीतून दोघांकडे आलेला. कायद्याचा फटका बसायचा तो या नाखव्याला. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांजिबारला गेले आणि त्यानंतर इंग्रजांच्या दडपणाखाली सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. तरी समुद्रातली वाहतूक थांबली नाही.

कशी थांबणार? मालकांना नवा कागद सापडला होता. ओमानमधल्या सूर बंदराचे गलबतवाले फ्रेंचांकडून परवाने आणि झेंडे घेऊ लागले. फ्रान्स आपल्या झेंड्याखालच्या जहाजाची झडती इंग्रजांना घेऊ देत नसे. तिरंगी फ्रेंच झेंडा चढवला की इंग्रजी आगबोट नुसती बघत राहायची. अटलांटिकमध्ये नेमकं हेच अमेरिकन झेंड्याच्या बाबतीत झालं होतं. मालक सूरचा, गलबत सूरचं, खलाशी सूरचे, आणि झेंडा पॅरिसचा. मला तर माझ्या टेबलावरचे कागदच आठवले. हा वाद थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. १९०५ मध्ये निकाल लागला की २ जानेवारी १८९२ पूर्वी मिळालेले झेंडे चालतील, त्यानंतरचे फक्त फ्रान्सच्या खऱ्या आश्रितांना, आणि झेंड्याचा हक्क बापाकडून मुलाकडे जाणार नाही. इतक्या मोठ्या न्यायाधीशांनी वाद सोडवला तो झेंड्याचा. गलबतांत कोण बसलं होतं हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

एवढ्या उशिरापर्यंत गुलाम लागत होते कशाला? मोती आणि खजूर. पॅरिस-न्यूयॉर्कला मोत्यांची हौस वाढली, अमेरिकेत नाताळच्या सुमारास ओमान-बसऱ्याचा खजूर जाऊ लागला, आणि इथे हातांची गरज वाढली. मुहर्रकमधला मोत्यांचा रस्ता, युनेस्कोने २०१२ मध्ये यादीत घेतलेला, आपण पाहुण्यांना दाखवतो. सुंदर आहे, जरूर दाखवा. त्या घरांतला मोती मुंबईच्या बाजारात जायचा. पण समुद्राच्या तळाशी जाणाऱ्यांत स्वतंत्र पाणबुड्यांबरोबर गुलामही होते. स्वतंत्र पाणबुड्याची अवस्था आपल्या बीडच्या ऊसतोड कामगारासारखी: हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामात ती फिटत नाही, मग पुढच्या वर्षी त्याच नाखव्याकडे. १९२० च्या दशकात इथल्या सरकारने हिशेबाच्या वह्या सक्तीच्या केल्या, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. गुलाम पाणबुड्याला मात्र वहीचाही उपयोग नव्हता. त्याच्या वाट्याचा पैसा मालक घ्यायचा.

इथे कुणीतरी मलिक अंबरचं नाव काढणार, मला माहीत आहे. बगदादमध्ये विकला गेलेला हबशी गुलाम अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, औरंगाबादला नहर आणली. जंजिऱ्याचे सिद्दीही आहेतच. म्हणून 'आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती' असं म्हणतात. मला हे पटत नाही. तळाशी बुडी मारणाऱ्याला मलिक अंबरचा काय उपयोग?

त्या पाणबुड्याची स्वतःची बाजू आपल्याला वाचायला मिळते, आणि ती मनामामुळे. पळून आलेला गुलाम मनामाच्या ब्रिटिश एजन्सीत पोचला की त्याचा जबाब घेत. नाव, अंदाजे वय, जन्म कुठे, कुणी पकडलं, किती हात बदलले, पळालास का. जबाब खरा वाटला की मुक्तिपत्र मिळे. असे शेकडो जबाब आखातातल्या एजन्सींच्या फायलींत आहेत, जास्त करून १९२० आणि ३० च्या दशकांतले. कुणी आफ्रिकेतून लहानपणी आणलेला, कुणी मकरानच्या किनाऱ्यावरून पळवलेला बलुची. कारणं तीच तीच: मारहाण, मोत्यांच्या हंगामाचा पैसा काढून घेतला, बायकोला वेगळं विकलं. त्या कार्यालयाचा पगार रुपयांत, बाजार रुपयांत, बहरीनमध्ये १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत रुपयाच चालत होता. सहा-सात वर्षांचा असताना उचललेल्या मुलाला विकणाऱ्याचा चेहरा आठवतो. पण ते गलबत कुणाचं होतं, त्याला पैसे कुणी लावले होते, हे त्याने कुठून सांगावं?

बहरीनमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९३७ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३५ मध्ये, दोन म्हातारे वारले. एक मोबीलचा कुडजो लुईस. दुसरा मोंबासाचा मॅथ्यू वेलिंग्टन. याचं मूळ नाव चेंग्विंबे. इंग्रजी जहाजाने गलबतातून सोडवलेला, मुंबईला उतरलेला, नाशिकला शिकलेला, लिव्हिंग्स्टनचं शव वाहणाऱ्यांतला शेवटचा उरलेला माणूस. दोघांनीही आपली हकीकत दुसऱ्यांना सांगून लिहवून ठेवली. कुडजोच्या हकीकतीत मीहरचं नाव आहे.

मनामाच्या त्या फायली ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा कतार डिजिटल लायब्ररीने २०१४ पासून सगळ्यांना फुकट वाचायला खुल्या केल्या आहेत. आपली मुलं शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेहमी पिरॅमिडच करतात. यातला एखादा जबाब त्यांच्याबरोबर बसून वाचा. बहुतेक पानभराचेच आहेत.